मास्तरांच्या मनाचा हॉप

पहिल्या भेटीत मास्तरांनी माझ्या डोक्याचा वास घेतला.

मी डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धूत उभा होतो. नगर जिल्ह्यातला साखर कारखाना, उन्हाळा तोंडावर आलेला, वर पत्र्याचं छप्पर, आणि दारात लोकरी जाकीट घातलेला एक ठेंगणा माणूस. नमस्कार ना चमत्कार. सरळ आत आले, माझ्या मागे उभे राहिले आणि हुंगून म्हणाले, "खोबरेल. आंघोळीआधी लावता की नंतर?"

"नंतर," मी म्हणालो.

"उद्यापासून लावायचं नाही. या खोलीत येताना तरी नाही. इथे हॉप येणार आहे."

मी पदवीधर केमिस्ट होतो, आणि केसांच्या बाबतीत तेव्हा जरा हळवा होतो. पण त्या माणसाच्या आवाजात असं काही होतं की दुसऱ्या दिवशी मी कोरड्या डोक्यानं कामावर गेलो आणि पुढेही जात राहिलो. मला नंतर जे टक्कल पडलं त्याचं श्रेय मी आजही मास्तरांनाच देतो.

सत्तर साल उलटून एक-दोन वर्षं झाली होती. सरकारची दारूबंदी सैल पडत चालली होती, परमिटं मिळू लागली होती, आणि आमच्या चेअरमनना मुंबईच्या एका फेरीत कुणीतरी सांगितलं होतं की पुढचा जमाना बिअरचा. डिस्टिलरी होतीच. तिच्या शेजारी एक शेड उठली, तांब्याची मोठी कढई आली, आणि कढईपाठोपाठ हिमाचलातल्या कुठल्याशा जुन्या ब्रुअरीतून मास्तर आले. मूळचे आपल्याच शेवगावकडचे. तरुणपणी पलटणीत भरती व्हायला गेले होते, छाती कमी भरली, घरी परत यायची लाज वाटली म्हणून तिकडेच पिंपं धुवायला राहिले आणि धुता धुता तीसेक वर्षांत बिअर करणारे झाले. नेमणुकीच्या कागदावर त्यांचा हुद्दा ब्रूमास्टर होता. कॉलनीनं पहिल्याच आठवड्यात त्याचं मास्तर करून टाकलं. दोघातिघांनी तर आपली पोरं गणिताच्या शिकवणीला आणून सोडली. मास्तरांनी त्यांना हाकललं नाही. प्रत्येकाच्या हातात एक वाळलेलं फूल दिलं, चुरडून हुंगायला लावलं आणि कशाचा वास येतो ते विचारलं. दुसऱ्या दिवशी दुप्पट पोरं आली.

ते फूल हॉपचं. हॉप ही थंड मुलखातली वेल. तिची फुलं वाळवून बिअरमध्ये उकळतात. दिसायला हिरवट, कागदी पाकळ्यांची, अंगठ्याच्या पेराएवढी. बिअरला कडूपणा येतो तो तिच्यामुळे, आणि वासही तिचाच. चेअरमननी ती फुलं पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांना आपलं गुऱ्हाळ आठवलं.

"आमी रस उकळताना काहिलीत रानभेंडी टाकतो, तसंच की ह्ये. मळी वर काढाया."

"तसंच," मास्तर म्हणाले. "फक्त तुम्ही गुळासाठी भेंडी टाकता. मी भेंडीसाठी गूळ करतो."

चेअरमन मनापासून हसले. तेव्हापासून त्या तांब्याच्या कढईला सगळे काहील म्हणू लागले.

हॉपच्या जाती अनेक, आणि त्यातून निवड करणं हेच मास्तरांचं सगळं शास्त्र होतं. माझ्यापुढे त्यांनी ते पहिल्यांदा मांडलं तेव्हा मी वही उघडून बसलो होतो. त्यांनी ती मिटायला लावली.

"काहील उकळायला लागली की पहिली पडते ती सासू. तास-दीड तास रटरटते. वास उडून जातो, कडूपणा मागे राहतो. पण तो लागतो बरं का, नाहीतर सगळं घर मिळमिळीत. मध्यावर येते ती मावशी. सगळ्यांची चौकशी करते, कुणाला दुखवत नाही. आणि अगदी शेवटी, आच बंद करायच्या वेळेला, माहेरवाशीण. घटकाभर थांबते आणि घर वासानं भरून टाकते."

त्यांच्याकडे नमुन्याच्या तीन पिशव्या होत्या. काश्मीरचा क्लस्टर ही सासू. विलायतेचा गोल्डिंग ही मावशी. आणि जर्मनीचा हॅलरटाऊ ही माहेरवाशीण. तिची पिशवी उघडताना मास्तर हात धुऊन घेत. चिमूटभर फुलं तळहातावर चोळत, नाकाशी नेत, डोळे मिटत, आणि मग बराच वेळ त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसे.

हॉपला गारवा लागतो. आख्ख्या कॉलनीत फ्रीज एकच, गेस्टहाउसचा. मास्तरांनी पिशव्या तिथे नेऊन ठेवल्या आणि त्या आठवड्यात जिल्ह्याच्या साहेबांना जेवायला वाढलेल्या आमरसाला असा काही वास आला की साहेबांनी ही कुठली जात म्हणून आंब्याची चौकशी केली. चेअरमन म्हणाले, डोंगरी. साहेबांनी दोन वाट्या आणखी घेतल्या. मास्तरांना हे कळलं तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "कुठल्या पिशवीचा वास होता?"

हा माणूस सगळं हुंगायचा. भाकरी मोडल्यावर आधी नाकाशी न्यायची. वर्तमानपत्र वाचायच्या आधी हुंगायचं. बिअर मात्र पीत नसत. तोंडात घेत, गालात फिरवत आणि थुंकत. कारण विचारलं तर म्हणत, "पोटाला काय कळतंय त्यातलं." माझ्या मते खरं कारण वेगळं होतं. त्यांची आई.

मास्तरांच्या बिऱ्हाडात बायको आणि आई. आई सत्तरीच्या पुढची, अंगानं काडी आणि आवाजानं भोंगा. आपला मुलगा औषधाच्या कारखान्यात आहे अशी तिची समजूत होती आणि कॉलनीत ती मोडायची कुणाची छाती नव्हती. ती दिवसभर दारातल्या बाजेवर बसून सुनेच्या कामात खोड्या काढायची. "सुनबाई, हे धुणं हाय का चिंबवणं हाय?" हे वाक्य शेवटच्या क्वार्टरपर्यंत ऐकू जायचं. वहिनी शांत बाई. तीस वर्षं ऐकत आल्यामुळे त्या आवाजाला त्या घड्याळाच्या टोल्यांइतकंच मोजत. रात्री म्हातारीला झोप नसायची, म्हणजे कॉलनीलाही नसायची. शेवटी मास्तरांनी जुन्या, वास गेलेल्या हॉपची एक उशी भरून दिली. हॉपनं झोप येते म्हणतात. आली. कॉलनीनं मास्तरांना मनोमन दुवा दिला. म्हातारी त्या उशीला कडू उशी म्हणायची आणि तिच्यावर दुसऱ्या कुणाला डोकं टेकू द्यायची नाही.

आता मुख्य गोष्ट. मास्तर हिमाचलातली पक्की नोकरी सोडून इथे कशासाठी आले होते? आईला गाव जवळ व्हावं हे एक. दुसरं कारण त्यांनी मला सांगितलं ते काहिलीच्या चौथऱ्यावर बसून, खाली मान घालून.

"तिकडे आधी साहेब होता. तो विलायतेहून आलेला कागद बघून हॉप निवडायचा. मग शेटजी आले. ते दरपत्रक बघून निवडायचे. तीस वर्षं मी दुसऱ्यानं निवडलेला हॉप उकळला, केमिस्ट. माझं नाक कशासाठी, तर पोतं कुजलंय का ते सांगायला. चेअरमन मला न्यायला आले तेव्हा मी पगार विचारला नाही. हॉप कोण निवडणार, एवढं विचारलं. ते म्हणाले, तुमच्या मनाचा."

हे बोलताना त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला त्यांचा हेवा वाटला. मला तोवर एवढ्या मनापासून काहीच हवंसं वाटलं नव्हतं.

पण चेअरमन बोलले होते एकटे, आणि कारखाना होता सहकारी. सहकारात ठरावाशिवाय पान हलत नाही. हॉपची खरेदी करायची वेळ आली तेव्हा संचालक मंडळानं विचारलं की हे वाळलेलं गवत कुठलं घ्यायचं ते एकटा मास्तर कसं ठरवणार. चेअरमननी मास्तरांना बोलावून घेतलं.

"मास्तर, माजा शबूद हाय, न्हाई आसं न्हाई. पन सहकारात एकट्याचं मन नसतंय. मंडळाला चव घिऊन ठरवू द्या."

"बिअर अजून झालेलीच नाही. चव कशाची घेणार?"

"आन झाली आस्ती तरी कोन घेनार हुतं? निम्म्यांच्या गळ्यात माळ, आन निम्म्यांची विलेक्शन तोंडावर."

मास्तरांनी टेबलावरचा रिकामा कप उचलून हुंगला. मग म्हणाले, "चहा घेतील ना?"

कल्पना नामी होती. तिन्ही हॉपचा वेगवेगळा काढा करायचा, चहासारखा कपातून द्यायचा, आणि ज्याला जो आवडेल तो सांगायचा. मास्तरांना खात्री होती. हॅलरटाऊचा काढा नुसता नाकाजवळ नेला की माणूस खलास, असं ते मला दोन दिवस सांगत होते. काढे त्यांनी स्वतः उकळले, तीन किटल्यांत भरले आणि मंडळाच्या बैठकीआधी किसनच्या ताब्यात दिले.

किसन हा ऑफिसचा शिपाई. चहा हा त्याचा धर्म होता. आमच्या कारखान्यात चहात चमचा उभा राहील इतकी साखर घालायची रीत होती, कारण साखर कारखान्यात फिका चहा देणं म्हणजे पाहुण्याला दारातून परत पाठवण्यासारखं. मास्तरांनी त्याला बजावलं होतं, "यात काही घालायचं नाही, जसं आहे तसं द्यायचं." किसन मान हलवून गेला. पण सांगणारे मास्तर नवे, आणि पिणारे संचालक जुने.

बैठकीत कप आले आणि मास्तरांचा चेहरा उतरला. मीही पाहिलं. तिन्ही किटल्यांतून दुधाळ, दाट, पिवळसर चहा पडत होता. किसननं साखर घातली होती, दूध घातलं होतं, आणि संचालक मंडळ आहे म्हणून वेलदोडाही घातला होता.

माहेरवाशीण त्या वेलदोड्याखाली पार गुदमरून गेली. मावशीचा तर पत्ताच नव्हता. उरली सासू. तिचा कडूपणा साखर आणि दूध दोन्ही फाडून बाहेर आला.

"ह्यो तिसरा," एक संचालक मिशी पुसत म्हणाले. "पयले दोन म्हंजी आपला नेहमीचाच चा. ह्याला कायतरी हाय."

"व्हय, जिभंला लागतंय," दुसरे म्हणाले.

सगळ्यांनी तिसरा कप पुन्हा मागवला. चांगली तासभर चर्चा झाली आणि एकमतानं ठराव झाला: बिअरसाठी क्लस्टर जातीचा हॉप वापरण्यात यावा. मी तोंड उघडणार होतो, पण मास्तरांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. बाहेर आल्यावर मी किसनवर उखडलो. तो बिचारा हातात किटली घेऊन उभा होता.

"सायेब, संचालकास्नी बिनसाखरंचा चा कसा द्यायचा? माजी नोकरी जाईल ना."

मास्तर म्हणाले, "त्याला बोलू नका. वेलदोडा ताजा होता." आणि किटलीत उरलेला चहा कपात ओतून घेऊन ते उभ्या उभ्या प्यायले. न हुंगता.

त्या न हुंगण्यानं मी घाबरलो. पुढचे काही दिवस तसेच गेले. मास्तर वेळेवर येत, काहील पुसत, क्लस्टरची पोती मोजून घेत आणि जात. भाकरी मोडून सरळ तोंडात घालत. एकदा मला म्हणाले, "केमिस्ट, तुम्ही तेल लावून आलात तरी आता चालेल." मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोशी उगाच भांडलो. दुसऱ्या दिवशी तेल लावून गेलो, रागानंच. त्यांनी मान वर करून पाहिलं नाही.

काहील पहिल्यांदा चढवायची त्याच्या आदल्या दिवशी मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. उद्या किती वाजता यायचं ते विचारायला, असं मी स्वतःला सांगितलं होतं. दारात पाहतो तर बाजेवर म्हातारीशेजारी एक तिच्यासारखाच काडी म्हातारा बसला होता. तिचा धाकटा भाऊ. काष्टीहून एसटीनं आला होता, बाजारातली गुळात घोळलेली गुडीशेव घेऊन. आणि म्हातारी हसत होती. तोंडाला पदर लावून, खांदे हलवून, लहान मुलीसारखी. त्या आवाजातून असं हसू निघू शकतं यावर माझा विश्वास बसेना.

"आक्के, तुला आठवतंय का, तू चिंचंवर चढली आन खाली आबा आलं?"

"गप रं, सुनबाई ऐकंल." आणि मग आत वळून, "सुनबाई, ये गं भाईर. बस हितं. गुडीशेव खा. चुलीचं ऱ्हाऊ दे."

वहिनी हात पुसत बाहेर आल्या आणि बसायचं कुठे ते न कळून उभ्याच राहिल्या. म्हातारीनं बाजेवर जागा केली. तिनं सुनेच्या ओंजळीत गुडीशेव ओतली आणि भावाला म्हणाली, "लई कष्टाळू हाय माजी सून." तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं असणार वहिनींनी ते. त्या खाली बघून खाऊ लागल्या.

मास्तर उंबऱ्यावर उभे होते, पाण्याचा तांब्या हातात तसाच. कितीतरी वेळ ते आईकडे पाहत होते. मग एकदम त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. दोन पावलं पुढे आले, नाक उचललं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"उद्या डोकं धुऊन या," ते म्हणाले.

सकाळी काहील चढली. जवाच्या मोडांचा गोड रस उकळायला लागला. मी पोत्याचं तोंड सोडून तयार होतो. मास्तरांनी त्यातला एक पसा घेतला, आत टाकला आणि पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं.

"बाकीचा?"

"थांबा."

"मास्तर, आता नाही टाकला तर कडू कधी होणार? आणि ठराव क्लस्टरचा आहे. तुमच्या मनात दुसरी पिशवी असेल तर..."

"दुसरी पिशवी गेस्टहाउसात आहे. जाऊन बघा हवं तर." ते स्टुलावर बसले. "ठरावात हॉपचं नाव आहे. केव्हा टाकायचा ते नाही."

रस रटरटत राहिला. मी घामानं निथळत होतो, ते लोकरी जाकिटात शांत बसले होते. शेवटी त्यांनी वाफेचा कॉक बंद केला. उकळी बसली. तेव्हा ते उठले, हात धुतले, अगदी हॅलरटाऊच्या पिशवीसाठी धूत तसे, आणि आख्खं पोतं काहिलीत ओतलं.

तो वास मला आजही आठवतो. मोसंब्याची साल नखानं फोडल्यासारखा, त्यामागे ओल्या गवताचा, आणि अगदी तळाशी काळ्या द्राक्षांचा. ज्या हॉपला आम्ही इतके दिवस फक्त कडू म्हणत होतो, त्याच्या पोटात हे सगळं होतं. मास्तर काहिलीवर वाकले होते, डोळे मिटून, आणि त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. मी बोललोही नाही. मला रडू येईल असं वाटत होतं, आणि एका बिअरच्या कढईपायी रडणं माझ्या पदवीला शोभलं नसतं.

वास शेडमधून ऑफिसपर्यंत गेला असावा, कारण थोड्या वेळानं चेअरमन धोतराचा सोगा सावरत आले.

"मास्तर, ह्यो कुठला टाकला? ठराव मोडला का काय?"

"ठरावातलाच आहे. हे रिकामं पोतं बघा."

चेअरमननी पोतं पाहिलं. काहिलीवर वाकून दोनदा वास घेतला. गळ्यातली माळ वाफेत लोंबू नये म्हणून एका हातानं धरली होती. "मंग त्या दिवशी चात आसा वास का नव्हता? त्या दिवशी निस्ता कडू लागला."

"चेअरमन, तिला आल्या आल्या चुलीपुढे बसवलं की ती कडू होणारच. सासू झाली म्हणून काय झालं, तीही कुणाची तरी माहेरवाशीण असते. आपण तिला तसं कधी बोलावत नाही, एवढंच."

चेअरमननी माळ सदऱ्यात सारली. आणखी एकदा वास घेऊन निघून गेले.

त्या बिअरचं पुढे फार काही झालं नाही हे इथेच सांगून टाकतो. दुष्काळ आला, पाणी आधी माणसांना आणि जनावरांना गेलं, तेच बरोबर होतं, आणि शेडमध्ये खताची पोती आली. पण ते नंतर. पहिल्या बाटल्या भरल्या त्या महिन्यात मंडळाची बैठक झाली. मास्तरांना आत बोलावलं नव्हतं. ते प्रयोगशाळेत माझ्यासमोर बसून तीच ती काचेची नळी पुसत होते. किसन ठरावाची नक्कल घेऊन आला. मास्तरांनी चष्मा शोधल्यासारखं केलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

मी वाचलं. मागील ठरावात दुरुस्ती करण्यात येत आहे. हॉप कोणता घ्यावा आणि केव्हा टाकावा, हे यापुढे मास्तरांच्या मनावर राहील.

"परत वाचा," ते म्हणाले.

मी परत वाचलं. त्यांनी कागद माझ्या हातून घेतला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"ह्याला वेलदोड्याचा वास येतोय," ते म्हणाले.

किसन दारात गडबडला आणि हात मागे लपवू लागला.

"किसन, चहा आण," मास्तर म्हणाले.

"बिनसाखरंचा?"

"तुझ्या मनाचा."